काळात भरकटणाऱ्या भांडकुदळ कुटुंबाची सुपरहिरो कॉमिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरोंचं कुटुंब आहे, एकमेकांशी धड बोलत नाही, आणि त्यातलं कुणीतरी काळात मागे-पुढे जातं. अशी कॉमिक काढायला घेतलेल्यांच्या शंका साधारण याच असतात. उत्तरांसाठी २४ पानांचा एक अंक गृहीत धरला आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच कुटुंब वापरलं आहे: आजी, बाबा, जुळी भावंडं (ताई आणि दादा) आणि धाकटा.

कुटुंबात माणसं किती असावीत?

चार किंवा पाच. माणसं मोजू नका, नाती मोजा. चार माणसांत जोड्या सहा होतात, पाच माणसांत दहा आणि सात माणसांत एकवीस. प्रत्येक जोडीचं काहीतरी बिनसलेलं असायला हवं, आणि ते निदान एका चौकटीत दिसायला हवं. चोवीस पानांत साधारण १२० चौकटी मिळतात. त्यातल्या मारामारीला, दृश्याची जागा दाखवायला आणि मुखपृष्ठावरच्या वचनाची फेड करायला अर्ध्या जातात. उरलेल्या साठांत एकवीस नाती कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला तीनही चौकटी धड येत नाहीत, आणि सगळे एकाच आवाजात खेकसायला लागतात. सात जण हवेच असतील तर पहिल्या अंकात तिघांना नुसतं जेवणाच्या टेबलावर बसवा.

शक्ती कशा ठरवायच्या?

आधी भांडण ठरवा, शक्ती त्यातून काढा. उलट्या क्रमाने गेलं की उडणारा, जाळणारा आणि अदृश्य होणारा असा बाजार भरतो, आणि घरातल्या तक्रारी वर चिकटवल्यासारख्या दिसतात.

आपल्या कुटुंबात बाबा काहीही उचलू शकतात, पण कुणी बघत नसेल तरच. घरासाठी केलेलं त्यांचं एकही काम कधी कुणाला दिसलेलं नाही, आणि हीच त्यांची जन्माची तक्रार आहे. चित्रकारासाठीही ही शक्ती फुकटात काम करते: उचलताना दाखवायचंच नाही. एका चौकटीत बस रस्त्यावर, पुढच्या चौकटीत बस गच्चीवर, मध्ये बाबा रुमालाने मान पुसतायत. दादाने वस्तूला हात लावला की तिचा भूतकाळ त्याला दिसतो, मात्र माणसाचा दिसत नाही. त्यामुळे तो सगळ्यांच्या खोल्या हाताळत फिरतो आणि सगळे त्याच्यावर वैतागतात. ताई अकरा मिनिटं मागे जाऊ शकते. आजीचं पुढे येईलच.

प्रत्येक शक्तीखाली दोन ओळी लिहून ठेवा: ती कधी चालत नाही, आणि वापरली की काय झिजतं. दुसरी ओळ सुचत नसेल तर ती शक्ती बदला.

ताईच्या शक्तीची किंमत काय? आणि त्यात आकडेमोड कशाला?

मागे गेलेली अकरा मिनिटं ताई पुन्हा जगते, बाकीचे जगत नाहीत. म्हणजे ती जुळ्या भावापेक्षा हळूहळू मोठी होत जाते. कल्पना छान आहे, आणि लेखक इथे बेधडक लिहून टाकतो: ‘चोवीस वर्षांच्या दादापेक्षा ती आता चार वर्षांनी मोठी दिसते.’ जरा गणित करा. चार वर्षं म्हणजे साधारण २१ लाख मिनिटं. भागिले अकरा, म्हणजे सुमारे १ लाख ९१ हजार उड्या. ती चार वर्षांची असल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, हे करत असेल तर रोजच्या सव्वीस उड्या झाल्या. रोज जवळपास पावणेपाच तास ती पुन्हा जगते आहे.

आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे फरक अर्ध्या वर्षावर आणा. मग दिवसाला तीन-चार उड्या येतात आणि माणूस साधा राहतो. दुसरी वाट म्हणजे सव्वीसचा आकडा खराच धरा. मग ही अशी बाई आहे, जी कुठलंही वाक्य पहिल्या प्रयत्नात बोलत नाही. ती कधी अडखळत नाही आणि कधी माफी मागत नाही, कारण चुकलेलं सगळं तिने खोडून टाकलेलं असतं. घरातले तिला ‘परफेक्ट’ म्हणून टोमणे मारतात, आणि ती मात्र दमून गेलेली आहे. आमच्या मते दुसरी वाट घ्यावी. पात्राचा स्वभाव एका भागाकारातून हाती लागला तर तो सोडू नये.

वेळप्रवासाचा कुठला नियम घ्यावा?

मुख्य प्रकार तीन. पहिला अढळ काळ: जे झालं ते झालंच, मागे जाऊन तुम्ही जे कराल ते आधीपासूनच इतिहासात होतं. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांच्या नावाने ओळखलं जाणारं सुसंगततेचं तत्त्व हेच सांगतं. दुसरा बदलणारा काळ: मागे केलेल्या फेरफाराने पुढचं सगळं नव्याने लिहिलं जातं, आणि आजोबांना मारलं तर नातू कुठून आला हा जुना पेच याच्याच गळ्यात पडतो. तिसरा फाटे फुटणारा काळ: प्रत्येक फेरफाराने वेगळं जग सुरू होतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पुंज-भौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) अर्थापासून ही कल्पना कथाकारांनी ढापली.

यात शास्त्र किती खरं, ही चिंता करू नका. गणिती कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर काढून दाखवलं होतं, ज्यात स्वतःच्या भूतकाळात परत येणारा मार्ग निघतो. कॉमिकला एवढा आधार पुरे.

कुटुंबाच्या गोष्टीला फाट्यांचा नियम सर्वांत वाईट. एका जगात बाप मेला तर शेजारच्या जगात तो चहा पीत बसलेला असतो. मग कुणाच्या जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. अढळ काळ शोकांतिकेला उत्तम, पण पात्रांच्या हातात काही उरत नाही. भांडकुदळ घराला बदलणारा काळ शोभतो, कारण तिथे प्रत्येकाला आपली चूक पुसायची असते आणि दुसऱ्याची जपून ठेवायची असते.

आपल्या घराचा नियम चार ओळींचा: मागे फक्त ताईच जाऊ शकते, तेही अकरा मिनिटं. तिने हात धरलेला माणूस सोबत जातो. उडी मारणाऱ्यांना जुनं आठवतं, बाकीच्यांना नवंच खरं वाटतं. मध्येच हात सुटला तर सुटलेला माणूस कुठेही पडतो.

धाकट्याचा हात सुटला. नऊ वर्षांचा पोरगा चाळीस वर्षं मागे पडला. परत यायला यंत्र नाही, म्हणून तो नुसता जगला, एकेक दिवस करत चाळीस वर्षं, आणि त्याच संध्याकाळी दाराची घंटा वाजवून एकोणपन्नास वर्षांचा होऊन उभा राहिला. बाबा शेहेचाळीसचे. आणि आजी? उडी न मारताही तिला सगळ्या जुन्या आवृत्त्या आठवतात. बाकीच्यांना वाटतं, तिला विसर पडायला लागलाय.

नियम वाचकाला कधी आणि कसा सांगायचा?

सहाव्या पानाच्या आत, आणि संवादातून नाही. कप फुटतो, पुढच्या चौकटीत तोच कप टेबलावर शाबूत, ताईचा हात आधीच त्याच्याखाली धरलेला, आणि आजी केरसुणी घेऊन स्वच्छ फरशीकडे बघत उभी. एवढ्यात तीन ओळी सांगून झाल्या. शास्त्रज्ञाने फळ्यावर आकृती काढून समजावण्याचं पान लिहिलंच असेल तर फाडा.

मग ते आधीच मागे जाऊन सगळं का थांबवत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारणार. त्याचं उत्तर अकरा मिनिटांत आहे: मर्यादा कथेतल्या संकटापेक्षा लहान हवी. ताई लागोपाठ उड्या मारून दोन दिवस मागे जाऊ शकते का, हेही ठरवा. नाही म्हणायचं असेल तर कारण शरीरातलं द्या. उदाहरणार्थ, दोन उड्यांमध्ये अकरा मिनिटं जावीच लागतात. मग ती कितीही वेळा तेच क्षण जगली तरी पहिल्या सुरुवातीच्या मागे सरकतच नाही. ‘नियतीला मान्य नाही’ हे कारण चालत नाही.

कालपट कसा ठेवायचा? तिसऱ्या अंकात सगळं उलटसुलट होतं.

होणारच, कारण बहुतेक जण एकच रेघ आखतात. रेघा दोन लागतात: जगाची आणि पात्राची. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक दृश्याला एक ओळ द्या आणि रकाने असे ठेवा: पान क्रमांक, जगातली तारीख आणि वेळ, दृश्यातल्या प्रत्येकाचं शरीराचं वय, त्याला यातलं किती आठवतंय, अंगावरचे कपडे, जखमा, हातातल्या वस्तू. मग तीच यादी एकदा पानांच्या क्रमाने लावून वाचा, एकदा जगाच्या तारखेने आणि एकदा प्रत्येक पात्राच्या वयाने. तिसऱ्या वाचनात चुका बाहेर पडतात.

सर्वांत जास्त चुका आठवणीच्या रकान्यात होतात. पान १४ वर दादा ज्या गोष्टीचा राग काढतो, ती ताईने पान ११ वर पुसून टाकलेली असते. दादाला ती माहीत असायचं कारणच नाही. मात्र इथे एक पळवाट आहे: त्या वस्तूला त्याने हात लावला असेल तर? पण वस्तूचा पुसलेला भूतकाळ त्याला दिसतो की नवा, हे पहिल्या अंकाआधी कागदावर हवं.

प्रत्येक पात्राला एक झिजणारी वस्तू द्या. ताईच्या बोटावरची चिकटपट्टी सकाळी पांढरी, दुपारी कडेला मळलेली, संध्याकाळी एका टोकाला सुटलेली. जगाच्या घड्याळात दुपारचे दोन आणि पट्टी मात्र संध्याकाळची दिसली, की वाचकाला न सांगता कळतं, ही पुन्हापुन्हा जाऊन आलेली आहे. चित्रकाराने पट्टीच्या पाच अवस्था आधीच काढून भिंतीवर लावाव्यात.

नऊ वर्षांचा धाकटा एकोणपन्नासचा होऊन आला. त्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

सगळ्या यादीतला आमचा आवडता प्रश्न. मराठीत काळ ओलांडला की सर्वनाम अडतं, आणि ते अडू द्यावं. दार उघडल्यावर ताई अनोळखी माणसाला ‘कोण हवंय आपल्याला?’ विचारते. तो ‘ताई’ म्हणतो. पुढची तीन पानं ती सर्वनाम टाळूनच बोलते: ‘पाणी हवं का? बसायचं का?’ ज्या चौकटीत ती पहिल्यांदा ‘तू’ म्हणते, ती चौकट पानभर काढा.

बाबांची अडचण याहून मोठी. धाकटा मागे पडला तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि बाबा सहा वर्षांचे. दोघं एकत्र खेळले. बाबा लहानपणापासून ज्याला ‘दादा’ म्हणत आले, तो त्यांचाच मुलगा निघाला. बाबा त्याला रागवायला तोंड उघडतात आणि ‘अहो दादा’ बाहेर पडतं. हा विनोद अंकात दोनदाच वापरा. तिसऱ्यांदा तो विनोद न राहता दुखायला हवा.

पात्रांच्या यादीत कोण कुणाला काय म्हणतं, याचा एक चौकोनी तक्ता करा. पाच माणसांचे वीस रकाने होतात. ज्या पानावर संबोधन बदलतं, तो पान क्रमांक त्या रकान्यात लिहा.

भाषेतून आणखी काय साधता येतं?

‘परवा’. हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. रोजच्या बोलण्यात दिशा क्रियापद सांगतं: परवा गेलो, परवा जाईन. क्रियापद काढून टाका. ‘परवा. चार वाजता. गच्चीवर.’ चिठ्ठीवर एवढंच असेल तर घरातले दोघं दोन वेगवेगळ्या दिवशी गच्चीवर पोचतात आणि पुढची आठ पानं एकमेकांवर खोटेपणाचा आळ घेतात. ‘काल’ या शब्दात गेलेला दिवसही आहे आणि सगळा काळही, पण त्यावर कोटी करायचा मोह आवरा. ती सगळ्यांनाच सुचते.

चौकटींत काळ कसा दाखवायचा?

प्रत्येक काळाला दोन खुणा द्या, एक रंगाची आणि एक रेषेची. एकटा रंग पुरत नाही: काळ्या-पांढऱ्या छपाईत तो जातो, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे वाचकही असतात. वर्तमानाला सरळ चौकट, पुसलेल्या आवृत्तीला हाताने ओढलेली थरथरती चौकट, चाळीस वर्षांपूर्वीच्या दृश्यांना गोल कोपरे. चौथी खूण आणू नका.

अकरा मिनिटं पुन्हा घडताना तीच चौकट जशीच्या तशी पुन्हा ठेवा आणि त्यात एकच गोष्ट बदला. इथे आळस हेच कौशल्य. नव्याने काढलेल्या चौकटीत पडद्याची घडीही बदलते, आणि वाचक भलत्याच फरकावर बोट ठेवतो.

टेबलावरचं भांडण काढताना सगळे कोण कुठे बसलेत तेच कळत नाही.

पहिली चौकट रुंद काढा, टेबल वरून दाखवा, पाचही जण एकदाच. मग टेबलावरून एक रेघ गेली आहे असं समजा आणि त्या पानावर ती ओलांडू नका. डावीकडचे बाबा डावीकडेच राहतील. जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे हवा, नाहीतर संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. पात्रं उलटी बसली असतील तर पहिल्याचा फुगा वर घ्या आणि दुसऱ्याचा खाली.

एका चौकटीत तीनपेक्षा जास्त बोलणारे नकोत. भांडण रंगतं ते न बोलणाऱ्यांमुळे: बाबा ओरडतायत, आणि दादा शांतपणे बाबांचा चमचा उचलून त्याचा भूतकाळ बघतोय.

चोवीस पानांची विभागणी कशी?

सेंटर पिनच्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते, चोवीस बसतात. पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणून सम क्रमांकाची पानं डावीकडे. धक्का द्यायचा तो सम पानावर, कारण ते पान उलटल्यावरच दिसतं. धाकट्याची घंटा पान ७ च्या शेवटच्या चौकटीत वाजली, तर दार पान ८ वर उघडतं. हाच प्रसंग ६ आणि ७ वर आला, तर वाचकाने घंटेआधीच म्हातारा पाहिलेला असतो.

दोन पानांवर पसरलेलं एकसंध चित्र हवं असेल तर १२-१३ ही जोडी घ्या. तीच एका कागदावर छापली जाते. बाकी जोड्यांत अर्धं चित्र वेगळ्या कागदावर येतं आणि मध्ये एखादा मिलिमीटर सरकतं. चेहरा बरोबर त्या घडीत ठेवणारे चित्रकार दरवर्षी नव्याने निपजतात.

पानाची मापं?

अमेरिकी धाटणीच्या अंकाचं कापलेलं माप ६.६२५ × १०.२५ इंच. चारही बाजूंना १/८ इंच ब्लीड (छापून झाल्यावर कापून टाकायचा जादा भाग) धरून ६.८७५ × १०.५ इंच. रेषाकाम ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करायचं तर पान ४१२५ × ६३०० पिक्सेल होतं. मजकूर कापण्याच्या रेषेपासून निदान पाव इंच आत, आणि पिनेच्या बाजूला थोडा अधिकच. कागदावर काढणारे सहसा ११ × १७ इंचांचा जाड कागद घेतात आणि आतल्या १० × १५ इंचांत मुख्य चित्र ठेवतात. रंग शेवटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, जाणार आहेत हे लक्षात ठेवा. पडद्यावरचा झगझगीत जांभळा छापून मळकट येतो. काळाच्या भोवऱ्याला जांभळा रंग वापरण्याची रीतच असल्यामुळे हे दर वेळी नडतं.

मराठी अक्षरांकनात काय बिघडतं?

एक, जुने बिगर-युनिकोड फाँट. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराचा चिखल होतो. युनिकोड फाँटच घ्या. दोन, चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू नसते. मग पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उभी राहते आणि जोडाक्षरं हलंत होऊन फुटतात. सेटिंगमध्ये ती मांडणी निवडली की बहुतेक वेळा सुटतं. ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ट्ठ’ आणि ‘हृ’ एका फुग्यात टाइप करून आधी तपासा. तीन, ओळींमधलं अंतर. वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवा, म्हणजे ‘कू’खाली ‘र्मी’ येऊनही टक्कर होत नाही.

देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी (कॅपिटल) अक्षरं नसतात, तेव्हा ओरडणं जाड अक्षरांनी आणि फुग्याच्या आकाराने दाखवा. तिरकी देवनागरी पडकी दिसते. एका फुग्यात वीस शब्दांच्या वर गेलात की फुगा फोडून दोन करा. छापायला देताना मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदला, पण बदलण्याआधीची प्रत वेगळी जपा. शुद्धलेखनाची चूक नेमकी त्यानंतर दिसते.

वेडगळपणा किती चालतो?

एका दृश्यात एकच अशक्य गोष्ट, आणि पात्रांनी तिच्याकडे साफ दुर्लक्ष करायचं. गच्चीवर बस आहे. घरात वाद मात्र विजेचं बिल कोणी भरायचं यावर.

हे आधी कुणी केलंय का? नक्कल ठरेल का?

केलंय, आणि चांगलं केलंय. १९६१ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘फँटास्टिक फोर’ काढून कुरबुरणारं सुपरहिरो कुटुंब रूढ केलं. लेखक जेरार्ड वे आणि ब्राझीलचे चित्रकार गॅब्रिएल बा यांची ‘द अम्ब्रेला अकॅडमी’ २००७ मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशन संस्थेकडून सुरू झाली: दत्तक घेतलेली सात भावंडं, त्यातला एक भविष्यातून परतलेला. पहिल्या सहा अंकी मालिकेला कॉमिकसाठी दिला जाणारा २००८ चा आयझ्नर पुरस्कार मिळाला. कल्पनेवर कुणाची मालकी नसते. नावं, वेश आणि ठरावीक पात्रं यांवर असते. तुमच्या यादीत परग्रहावरचा गर्भश्रीमंत बाप आणि बोलका चिंपांझी दोन्ही आले, तर निदान एकाला निरोप द्या.

किती वेळ लागतो?

एकट्याने सगळं करायचं तर एका पानाला दोन-तीन दिवस धरा, म्हणजे चोवीस पानांना सुमारे दोन महिने. पटकथा आणि कालपट वेगळा. क्रम असा: कालपट, पटकथा, मग तळहाताएवढे कच्चे आराखडे सगळ्या चोवीस पानांचे. त्या आराखड्यांवरच फुगे टाकून बघा. फुग्यांना जागा नाही हे शाई झाल्यावर कळलं, तर चेहरे झाकावे लागतात.

छापण्याआधी कुणाला वाचायला द्यायचं?

गोष्ट माहीत नसलेल्या तिघांना, आराखड्यांच्या टप्प्यावरच. ‘आवडलं का’ विचारू नका. त्यांना सांगा, काय घडलं ते तारखेच्या क्रमाने सांगा. तिघंही एकाच पानावर अडले तर त्या पानाची चौकटीची खूण चुकली आहे. प्रत्येक जण वेगळ्या पानावर अडला तर नियमच अजून दिसलेला नाही. सहाव्या पानावरच्या कपाकडे परत जा. आणि आजी विसरभोळी नाही हे एकाला जरी शेवटच्या पानाआधी कळलं, तर तिच्या हातातली केरसुणी आणखी एका दृश्यात ठेवायला हरकत नाही.